पंचवीस अक्षरं, एकही स्वर नाही

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात काउंटरच्या अलीकडे दोन गिऱ्हाइकं मावतात. तिसऱ्यानं बाहेर पावसात थांबायचं. मी तिसरी होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं पोटाशी धरलेली बॅग, आणि बॅगेत २०१२ साली घेतलेला लॅपटॉप. आदल्या रात्रीपासून त्याचं बटण दाबलं की एक दिवा लागायचा, पंखा घसा खाकरल्यासारखा एकदा फिरायचा आणि मग काही नाही. गणपतीला सतरा दिवस उरले होते.

गणपतीचा संबंध असा, की शेजारच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा वार्षिक अहवाल मी गेली एकोणीस वर्षं लावते. लावते म्हणजे टाइप करते, पानं पाडते, जाहिराती बसवते आणि छापायला देते. मंडळातले लोक त्याला नुसतं ‘पुस्तक’ म्हणतात. पुस्तकात दरवर्षी नवं असं फार नसतं. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, साल बदलायचं, खजिनदार बदलला असेल तर नाव बदलायचं, वर्षभरात गेलेल्यांची चौकट नवी करायची, जमाखर्चाचे आकडे घालायचे. म्हणून मागच्या वर्षीची फाइल हीच माझी पुंजी. बॅकअप नव्हता का, असं विचारणाऱ्यांसाठी: होता. फाइलींचा होता. त्याचा किती उपयोग झाला ते पुढे येईलच.

माझा नंबर आला. दुकानातल्या मुलानं लॅपटॉपला स्वतःचा चार्जर लावून पाहिला, मीटरची दोन टोकं कुठेतरी टेकवली आणि म्हणाला, “मदरबोर्ड गेलाय, ताई. ह्याचा बोर्ड आता मिळणार नाही, मिळाला तरी टाकू नका.”

“आणि डिस्क?”

त्यानं लॅपटॉप पालथा केला. खालचे दोन स्क्रू काढून झाकण सरकवलं आणि प्लास्टिकच्या जिभेला धरून डिस्क बाहेर ओढली. अडीच इंची, साडेनऊ मिलिमीटर जाड. तिला त्यानं एका वायरीला जोडलं आणि मला म्हणाला, “कान लावा.” मी काउंटरवर वाकून कान लावला. आत एक बारीक, सलग घरघर. “टकटक नाही ना? मग चांगली आहे. सगळं आहे तुमचं.”

सगळं आहे तुमचं. हे वाक्य ऐकून मी इतकी हलकी झाले की ग्रँट रोडवरून घरी चालत येताना वाटेत वडे घेतले. माझ्या डोक्यात हिशोब सरळ होता. मोबाइल बदलला की जुन्यातलं सिमकार्ड काढून नव्यात घालतो, तसंच. नवा लॅपटॉप घ्यायचा, जुनी डिस्क त्यात घालायची, पुस्तक लावायला बसायचं.

नवा लॅपटॉप भाच्यानं दुसऱ्या दिवशी आणून दिला. सडपातळ आणि थंडगार. तो उघडून पाहिला तर त्यात माझी डिस्क बसायला जागाच नव्हती. त्याची स्वतःची डिस्क म्हणजे बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशी मिलिमीटर लांब अशी एक हिरवी पट्टी, फुटपट्टीचा तुकडा मोडून ठेवल्यासारखी. भाचा म्हणाला, “मावशी, आत नाही तर बाहेर.” तीनशे रुपयांचं केसिंग आणलं, त्यात जुनी डिस्क घातली, यूएसबीनं जोडली. दिसल्या की सगळ्या फाइली! ‘पुस्तक २००५’पासून ‘पुस्तक फायनल’, ‘पुस्तक फायनल २’, ‘पुस्तक खरंच फायनल’पर्यंत. मी शेवटचीवर दोनदा क्लिक केलं आणि लॅपटॉपनं मला नम्रपणे विचारलं, ही कशानं उघडू?

कशानं म्हणजे? त्याच डिस्कवर पेजमेकर आहे की, पानं लावायचा माझा प्रोग्राम. फोल्डरही दिसतोय.

इथे आमच्या घरातलंच उदाहरण दिलं तर कळेल. मोठी आत्या १९८८ साली गिरगाव सोडून डोंबिवलीला गेली. टेम्पोत कपाट गेलं, पिंप गेलं, पाटावरवंटा गेला. पण रेशनकार्ड टेम्पोत जात नाही. म्हणजे कार्डाचा कागद जातो, कार्ड जात नाही. गॅसचा सिलिंडर जातो, गॅसचं कनेक्शन जात नाही. त्यासाठी जुन्या ठिकाणी नाव कमी करून आणायचं आणि नव्या ठिकाणी चढवायचं. प्रोग्रामचं तसंच असतं. त्याचा फोल्डर म्हणजे भांडीकुंडी. त्याची खरी नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत असते: मी इथे राहतो, माझ्या फाइली ह्या, माझे फाँट ते, माझा नंबर अमुक. नव्या लॅपटॉपाच्या विंडोजकडे ह्यातली एकही नोंद नव्हती. त्याच्या दृष्टीनं माझा पेजमेकर म्हणजे जिन्यात आणून ठेवलेलं कुणाचं तरी सामान.

तर सगळ्यांची नावं नव्या घरी चढवायची होती. पेजमेकर सरळ निघाला. २००१च्या त्या सातव्या आवृत्तीला फक्त सिरीयल नंबर लागतो. तो सीडीच्या कव्हरवर माझ्याच अक्षरात बॉलपेननं लिहिलेला होता. ज्याच्याकडे नंबर त्याचा पेजमेकर, इतकं भाबडं सगळं. त्याच वर्षी विंडोज एक्सपी आलं आणि त्याच्याबरोबर ॲक्टिव्हेशन आलं, म्हणजे नुसता नंबर असून भागेना. नंबर आणि मशिन ह्यांची जोडी कंपनीकडे नोंदवायची, आणि मशिन फार बदललेलं दिसलं की पुन्हा दाखला द्यायचा.

दुसरं एक सॉफ्टवेअर होतं, रंगीत आणि इंग्रजी कामांसाठी. २०१३ साली पेटीत, सीडीसकट, ‘कायमचं लायसन’ म्हणून घेतलेलं. तेव्हा त्याला एका मोठ्या दिवाळी अंकाची अख्खी मजुरी गेली होती. ते दोन मशिनांवर चालतं. तिसऱ्यावर घालायचं तर आधीच्या दोनांपैकी एकावर जाऊन ‘डीॲक्टिव्हेट’चं बटण दाबायचं. एक जागा २०१७ साली डिस्क फॉरमॅट करताना माझ्याच अज्ञानात अडकून पडली होती. दुसरी आता मेलेल्या बोर्डाबरोबर गेली. मी कंपनीच्या मदत केंद्राशी चॅटवर पाऊण तास बोलले. पलीकडच्यानं फार सौजन्यानं सांगितलं, की जुन्या लॅपटॉपवर जाऊन डीॲक्टिव्हेट करा. मी म्हटलं, तो चालू होत नाही. तो म्हणाला, समजलं, तर चालू झाल्यावर करा. शेवटी त्यानं कळवलं, की त्या आवृत्तीसाठी आता काही करता येत नाही, मात्र दरमहा अमुक रुपयांत नवी आवृत्ती आजच सुरू होईल.

अण्णा शेजारी बसून हे सगळं ऐकत होते. माझे वडील. वय ब्याऐंशी. गिरगाव आणि काळबादेवीच्या छापखान्यांमध्ये मिळून एकतीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे हातानं खिळे जुळवणारे. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“तेव्हा पैसे भरलेस ना पुरते?”

“भरले.”

“पावती आहे?”

“आहे.”

“अगं, मग तू विकत काय घेतलंस?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अण्णांचा प्रश्न खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, जगातला होता. छापखान्यानं फाउंड्रीतून टाइप आणला की तो छापखान्याचा. ह्याच भागात जावजी दादाजींनी एकोणिसाव्या शतकात निर्णयसागर छापखान्याचे खिळे ओतायला सुरुवात केली, ते मराठी वाचणाऱ्या पिढ्यांच्या डोळ्यांत बसले. खिळा एकदा घेतला की ओतणारा परत विचारायला येत नसे, की कुठल्या यंत्रावर लावलास, किती पानं छापलीस, मशिन बदललंस का. झिजला तर वितळवायचा. छापखाना बंद पडला तर किलोवर विकायचा. अण्णांचा शेवटचा छापखाना बंद पडला तेव्हा मी नववीत होते. शिसं, अँटिमनी आणि कथील ह्यांच्या मिश्रणाचा त्या दिवशीचा भाव अण्णांना अजून पाठ आहे. मराठी भाषेचा तो भाव, असं ते कडवटपणे म्हणतात. पण मालकाच्या हातात पैसे तरी आले. माझ्या कायमच्या लायसनचा भंगारभाव शून्य.

विचार करताना लक्षात आलं, की गिरगावातल्या माणसाला हे नवं वाटण्याचं काही कारणच नाही. आम्ही ज्या खोलीत बसून बोलत होतो ती पागडीची. पणजोबांनी कुणाला तरी रोकडा मोजून घेतलेली. आत माळा काढला, मोरी बांधली, लाद्या बदलल्या, चार पिढ्या वाढल्या. खोली आमची. पण पावती फाडतो मालकाचा मेहता, म्हणजे भाडं गोळा करणारा कारकून, आणि खोली दुसऱ्याला द्यायची तर मालकाची संमती लागते आणि त्याचा वाटा द्यावा लागतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पागडीला उघड मान्यता दिली. त्याआधी ती घेणं गुन्हा होता आणि सगळे घेत होते. पेटीतलं ‘कायमचं’ सॉफ्टवेअर म्हणजे ही पागडी. एकदाच मोठी रक्कम, मग निवांत राहा, पण हलायचं म्हटलंत की मालकाकडे या.

आणि दरमहाचं? ते तर आपण रोज बोलतो: लिव्ह अँड लायसन. अकरा महिन्यांचा करार. शब्दसुद्धा तोच आहे! एका वकिलांचं कायद्याचं पुस्तक मी कधीकाळी लावलं होतं, त्यातलं एक पान प्रूफं तपासून तपासून डोक्यात राहिलंय. १८८२च्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२मध्ये लायसनची व्याख्या आहे. सार असं, की एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं ते दुसऱ्याच्या मालमत्तेत करायला मिळालेली मुभा, आणि ह्या मुभेनं त्या मालमत्तेत तुमचा कोणताही हक्क तयार होत नाही. सॉफ्टवेअरच्या करारातलं बारीक टाइपातलं सगळं ह्या दोन ओळींत आलं. गंमत म्हणजे कॉपीराइट कायद्यातलं, १९५७च्या, ज्या कलमानं कायदेशीर वापरणाऱ्याला सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत काढून ठेवायची मोकळीक दिलीय, तेही कलम ५२च. प्रत ठेवा. पण प्रत चालू होईल की नाही हे कलम सांगत नाही.

त्याच वकिलांना फोन केला. ते म्हणाले, जगातसुद्धा ह्यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं २०१० साली सॉफ्टवेअर कंपनीची बाजू उचलून धरली, की हे लायसन आहे, विक्री नाही. युरोपच्या न्यायालयानं २०१२ साली म्हटलं, की कायमच्या वापराचे पैसे घेतलेत ना, मग ती विक्रीच, आणि घेणाऱ्याला ती प्रत पुढे विकता येते. “तू आपली गिरगावात आहेस,” ते म्हणाले, “गणपतीचं बघ.”

गणपतीला तेरा दिवस.

पेजमेकर नव्या लॅपटॉपवर चढला होता, ‘पुस्तक खरंच फायनल’ उघडलीही. पण पानावर मराठी नव्हतं. जिथे ‘श्रीगणेशाय नमः’ होतं तिथे उलटे प्रश्नचिन्ह, टोपीवाले युरोपी स्वर, डॉलर आणि कंस ह्यांची रांग. कारण आमच्या धंद्यातल्या जुन्या फाइलींमध्ये मराठी नसतंच. असतात ते इंग्रजी अक्षरांचे नंबर, आणि त्या नंबरांवर मराठी आकारांचे मुखवटे चढवणारा फाँट. फाँट गेला की मुखवटा गेला. देवनागरीला हक्काचे नंबर देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, मी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, शिकले १९९७ साली, आणि तरीही पुढची कितीतरी वर्षं आम्ही मुखवट्यांवरच जगलो. पेजमेकरला युनिकोड कधीच कळलं नाही, आणि आम्हाला पेजमेकर सोडवला नाही.

माझे फाँट चालतात मराठीच्या सॉफ्टवेअरवर, आणि ते चालतं लॉकवर. लॉक म्हणजे अंगठ्याएवढी यूएसबीची कांडी. पूर्वी ते प्रिंटरच्या पोर्टात मागे बसायचं आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीवर. लॉक लावलेलं असेल तर सॉफ्टवेअर चालतं, काढलं की बंद. धंद्यातल्या लोकांनी लॉकला जन्मभर शिव्या दिल्या: हरवतं, मोडतं, मुलं खेळायला घेतात. मला मात्र त्या आठवड्यात ते सगळ्यांत सज्जन वाटलं. दाराची किल्ली असते तशी किल्ली. ज्याच्या हातात त्याचं घर. कुठल्या मशिनाला लावलं, ते मशिन जिवंत आहे का, असले प्रश्न नाहीत. हे थोडंसं खिळ्यासारखंच, नाही का? मी ते मेलेल्या लॅपटॉपमधून काढून नव्यात लावलं, दिवा लागेल म्हणून वाट पाहिली.

लागला नाही. नवा लॅपटॉप ६४ बिटचा. लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला लॉकची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो, दुसरा ते दारात उभाच करत नाही. म्हणूनच तर २०१२ साली मी दुकानात हट्टानं कारखान्यातूनच ३२ बिटचं विंडोज ७ घालून आलेला लॅपटॉप मागून घेतला होता. चार जीबीची रॅम, त्यातली तीनच्या आसपास वापरता यायची. लॉकपायी मी बारा वर्षं एक खोली बंद ठेवून संसार केला होता.

भाच्यानं तोड काढली. नव्या लॅपटॉपच्या पोटात एक खोटा संगणक तयार करायचा, त्याला जुनं ३२ बिटचं विंडोज घालायचं, त्यात लॉक लावायचं. विंडोजचा नंबर? तो जुन्या लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवर. मी लॅपटॉप पालथा केला. बारा वर्षं मांडीवर, गादीवर, पाटावर घासून स्टिकर पांढरा पडला होता. पाच-पाचच्या पाच गटांत पंचवीस अक्षरं, त्यातली निम्मी नुसत्या सावल्या.

“आण इकडे,” अण्णा म्हणाले.

त्यांनी खिडकीजवळ खुर्ची ओढली, कपाटातून भिंग काढलं आणि लॅपटॉप उजेडाकडे तिरका धरला. मी वही घेऊन समोर बसले. हे दृश्य मी लहानपणी छापखान्यात पाहिलंय. एक जण मूळ प्रत वाचतो, दुसरा प्रुफावर नजर ठेवतो. वाचणाऱ्यानं अर्थ लावायचा नाही. जे आहे तेच, जसं आहे तसं. अण्णा त्याच एकसुरी आवाजात वाचू लागले: “व्ही. सात. के. एम. पी. स्पेस. टी. बी... थांब. बी की आठ?” त्यांनी भिंग पुढेमागे केलं. “आठाचा वरचा गोल लहान असतो. हा सरळ दांडा आहे. बी.”

तिसऱ्या गटाशी ते थांबले.

“ह्यांच्या केसात स्वर नाहीत.” केस म्हणजे खिळे ठेवायचा खणाखणांचा ट्रे.

“म्हणजे?”

“ए नाही, ई नाही, आय नाही, ओ नाही. शून्यही नाही. मघापासून बघतोय. नुसती व्यंजनं आणि आकडे. कुणीतरी मुद्दाम खण रिकामे ठेवलेत.”

मी भाच्याकडे पाहिलं, त्यानं मोबाइलमध्ये शोधलं. खरंच, त्या नंबरांमध्ये स्वर वापरलेलेच नसतात. एक फायदा उघड आहे: शून्य आणि ओ, एक आणि आय ह्यांचा घोळ होत नाही आणि चुकून भलतासलता शब्दही तयार होत नाही. भाच्याला हे बारा सेकंदांत मोबाइलनं सांगितलं. अण्णांना अकरा अक्षरांत दिसलं होतं. एकतीस वर्षं ज्यानं हातानं खण चाचपले त्याला कुठला खण रिकामा आहे ते आधी कळतं.

पंचवीस अक्षरं जमली. एकाखाली अण्णांनी पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं. नंबर घातला तर बरोबर ठरला. पण अटींचा मजकूर वाचायला घेतला तेव्हा कळलं, की लॅपटॉपबरोबर येतं ते विंडोज त्या मशिनाचंच, त्याच्याबरोबर आलं आणि त्याच्याबरोबर जाणार. सती जाण्याचा प्रकार. आणि तसंही, खोट्या संगणकातल्या विंडोजला लॉक दिसेचना. एक पूर्ण रविवार गेला. गणपतीला दहा दिवस.

सोमवारी मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला. ह्या वेळी काउंटरपर्यंत पोचले. मुलानं सगळं ऐकून घेतलं, माळ्यावर चढला आणि एक लॅपटॉप खाली दिला. माझ्याच कंपनीचा, माझंच मॉडेल, स्क्रीनच्या कोपऱ्यात रुपयाएवढा पांढरा डाग. “कुणाच्या तरी ऑफिसचा आहे. साडेपाच हजार. ह्यात तुमची डिस्क घालू.”

दोन स्क्रू, झाकण, माझी डिस्क आत. बटण दाबलं. विंडोजची चार रंगांची खिडकी जमता जमता स्क्रीन निळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत इशारा आला, शेवटी सात बी. माझ्या पोटात गोळा. मुलगा मात्र जांभई देत होता. “बायोसचा सेल उतरलाय, सेटिंग मूळपदावर गेलंय. डिस्क बोलतेय एका भाषेत, बोर्ड ऐकतोय दुसऱ्या.” त्यानं बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कशी बोलायची भाषा आयडीईवरून एएचसीआय केली, नाण्याएवढा सेल बदलला, पुन्हा चालू केलं.

माझा डेस्कटॉप आला. मागे मोरजीच्या किनाऱ्याचा फोटो, उजव्या कोपऱ्यात ‘पुस्तक खरंच फायनल’. लॉक लावलं, दिवा लागला. पेजमेकरमध्ये फाइल उघडली. श्रीगणेशाय नमः.

“आणि विंडोजचं ॲक्टिव्हेशन? बोर्ड बदलला ना?”

“नाही विचारणार,” तो म्हणाला. त्यानं सांगितलं ते असं. त्या काळातल्या मोठ्या कंपन्या बोर्डाच्या बायोसमध्ये आपली एक निशाणी लिहून ठेवायच्या. कारखान्यात घातलेलं विंडोज ७ फक्त ती निशाणी बघतं. त्याच्या आतला नंबरही स्टिकरवरचा नसतोच, त्या कंपनीच्या सगळ्या लॅपटॉपांना एकच असतो. त्याच कंपनीचा बोर्ड, तीच निशाणी, विंडोज खूश. ह्या लॅपटॉपच्या पाठीवर त्याचा स्वतःचा स्टिकर आहे, त्यामुळे कागदोपत्रीही तो बिनविंडोजचा नाही. म्हणजे अण्णांनी भिंग लावून वाचलेले पंचवीस खिळे मुळात कधी वापरातच नव्हते. विंडोज ८पासून स्टिकरही गेला, प्रत्येक मशिनाचा वेगळा नंबर थेट बोर्डावरच्या चिपमध्ये.

पैसे देताना त्यानं काउंटरखालून एक नवाकोरा दिसणारा लॅपटॉप वर काढला. “तुमचं नशीब चांगलं म्हणून जुना होता. हा बघा. बोर्ड गेला, डिस्क ठणठणीत. पण डिस्क कुलूपबंद. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत अकाउंट जोडलं की आपोआप होतं. अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की लागते, आणि गिऱ्हाईक म्हणतंय मी कधी काही लावलंच नाही.” मी त्याच रात्री नव्या लॅपटॉपची ती की शोधून कागदावर उतरवली. अण्णांनी वाचली, मी लिहिली. आठ गट, सहा-सहा आकडे.

पुस्तक वेळेत झालं. ते सांगण्यासारखं नाही, दरवर्षी होतं.

सांगण्यासारखं आहे ते जमाखर्चाचं पान. डागवाला लॅपटॉप किती दिवस पुरेल म्हणून मी नव्या लॅपटॉपवर जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला बसले. कन्व्हर्टर फुकट मिळतात, चांगले आहेत, एका क्लिकमध्ये वीस पानं होतात. छापून अण्णांपुढे ठेवली. ते लाल पेन घेऊन बसले आणि खर्चाच्या बाजूला अर्ध्यात हसायला लागले. मंडळाच्या महाप्रसादाचा खर्च होता. शिधा, भाजी, गॅस, आणि त्याखाली: ‘आचार्यांचे मानधन’.

“कुठले गं हे आचार्य? काशीचे?”

मूळ फाइलीत ‘आचाऱ्यांचे’ होतं. दरवर्षी बुंदी पाडायला येतात त्या आचाऱ्यांचे. जुन्या फाँटात तो आडवा अर्धा र स्वतंत्र आकार होता, त्याला स्वतःचा नंबर होता. कन्व्हर्टरनं त्याचा साधा अर्धा र केला, आणि पुढे य आला की युनिकोडच्या नियमानं तो उडी मारून डोक्यावर रफार होऊन बसतो. आचाऱ्याचा आचार्य झाला. पुढच्या पानावर ‘साऱ्यांनी’चं ‘सार्यांनी’, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’, आणि स्वागताध्यक्ष ‘वार्यावर’. एकोणीस वर्षांच्या पुस्तकांमध्ये असे किती असतील ते देव जाणे. शोधून बदलायला एक छोटा मॅक्रो लिहून घेतला, पण तो आंधळा, खऱ्या आचार्यांनाही स्वयंपाकाला लावतो. शेवटी वाचणारं माणूस लागतंच.

अण्णा उठले आणि फळीवरून बोर्नव्हिटाचा जुना डबा काढून आणला. छापखाना विकला तेव्हा त्यांनी मूठभर खिळे खिशात घातले होते, मालकाला सांगून. डबा उपडा केला. चादरीवर राखाडी ढीग. त्यातून बोटांनीच, न बघता, त्यांनी एक खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मला आधी कळेना. मग भिंगाखाली धरला, उलटा वाचला. आडव्या र ला चिकटलेला य.

“ह्याचा खण वेगळा होता,” ते म्हणाले. “चुकून दुसऱ्या खणात पडला तर मुकादम ओरडायचा.”

आता व्यवस्था अशी आहे. नवी कामं नव्या लॅपटॉपवर, दरमहा पैसे भरून. मंडळाचं पुस्तक, लग्नपत्रिका आणि सगळे जुने आचारी डागवाल्या लॅपटॉपवर. त्याला इंटरनेट जोडत नाही. लॉक त्याच्या कडेतून बाहेर डोकावतं, धक्का लागून मोडू नये म्हणून मी त्याला रबरबँडनं बांधलंय. त्या मुलाकडे त्याच मॉडेलचा आणखी एक आहे का, असं विचारून ठेवलंय. बघतो म्हणालाय.

महिन्याच्या पाच तारखेला मालकाचा मेहता आला. अण्णांनी भाडं दिलं, त्यानं मांडीवर पुस्तक ठेवून पावती फाडली. मी चहा देताना विचारलं, “आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. अण्णांचं नाव कधी चढणार पावतीवर?”

“शेठना विचारावं लागेल,” तो म्हणाला. दर वेळी म्हणतो तसंच.

तो गेल्यावर अण्णांनी पावती फाइलला लावली. त्याच फाइलीत मागे त्यांनी स्टिकरवरचा नंबर लिहिलेला माझ्या वहीचा कागद लावून ठेवलाय, पाच-पाच अक्षरांमध्ये बरोबर एक खिळाभर मोकळी जागा सोडून. मी म्हटलं, “अण्णा, तो आता कशालाच लागत नाही.”

“असू दे,” ते म्हणाले. “तो बी मला अजून आठ वाटतोय.”